ओळ झेलणारी

धवला एकटीनं गाता येत नाही. कमळाबाईनं हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि ते समजायला मला तीन वर्षं लागली. शिकलेल्या माणसांना जरा उशिराच समजतं, त्यात मी डिप्लोमावाली.

धवला म्हणजे आमच्या ठाण्याकडच्या आगरी लोकांच्या लग्नातलं गाणं. लग्नाआधी दोन-तीन दिवस घरात जे जे काम निघतं, म्हणजे हळद दळायची, तांदूळ कांडायचे, नवी चूल घालायची, मांडवाला उंबराची फांदी आणायची, त्या प्रत्येक कामाचा धवला वेगळा असतो. तो म्हणणारी बाई ती धवलारीण. धवलारणी नेहमी दोन लागतात. एक ओळ टाकते आणि थांबते. दुसरी त्या ओळीचं शेपूट उचलून पुढं नेते, याला झेलणं म्हणतात. झेलणारी नसेल तर ओळ तशीच पडून राहते.

कमळाबाईची झेलणारी होती शकूबाय. दोघींनी मिळून तीस वर्षं घोडबंदर रस्त्याकडच्या गावांतली लग्नं लावली. दोघी विधवा, दोघींना मूलबाळ नाही, पण लग्नघरात त्यांचा मान वरमाईच्या बरोबरीचा. १९५३ साली शकूबाय हिवतापानं गेली. त्यानंतर कमळाबाई मिळेल त्या पोरीला मागं बसवून वेळ भागवायची. तिच्या गावाचं नाव मी इथं घालत नाही. या गोष्टीतली माणसं अजून तिथंच आहेत, आणि मला कुणाच्या दारात जाऊन भांडायचं नाही. एकेकाळी फार भांडायचं होतं.

मी सुमती प्रधान. घर टेंभी नाक्याजवळ, वडील कचेरीत कारकून. मुंबईला तेव्हा व्यवसायोपचाराचा नवा अभ्यासक्रम निघाला होता. आजारी माणसाच्या हाताला बेताबेतानं काम देऊन त्याला बरं करायचं, असं ते शास्त्र. तो पुरा करून १९५५ साली मी ठाण्याबाहेरच्या एका धर्मादाय संस्थेच्या मनोरुग्णालयात लागले. तीस खाटा, सगळ्या बायकांच्या. नाक्यावरच्या काकू विचारायच्या, "वेड्या बायकांना तू नोकऱ्या लावतेस म्हणे, कुठं गं?" पहिल्यांदा मी समजावून सांगायची. मग सांगायला लागले, "कलेक्टर कचेरीत."

तिथं मालन होती. चोविसाची, सडपातळ, मिठागरावर काम केल्यानं पायांना भेगा पडलेल्या. दोन मुलं झाली आणि दोन्ही जुलाबानं गेली, एक चार महिन्यांचं, एक वर्षाचं. दुसरं गेलं त्या दिवसापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. आधी भगत झाला, कोंबडं झालं, अंगारे झाले, मग आमचे डॉक्टर आणि विजेचे झटके. मी रुजू झाले तेव्हा त्या गोष्टीला चौदा महिने होऊन गेले होते. ती भिंतीशी उकिडवी बसायची. भरवलं तर जेवायची, उठवलं तर उठायची.

मी तिच्या पुढ्यात वेत ठेवला, कारण मला परडी विणायला शिकवलं होतं. तिनं वेताकडे पाहिलंसुद्धा नाही. मग लोकर ठेवली. मिठागरावरच्या बाईच्या पुढ्यात मी लोकर ठेवली! आज आठवलं की माझं मलाच हसू येतं. तेव्हा मात्र पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मी तिच्यावरच चिडत होते.

महिन्यातून एकदा तिचा नवरा काळुराम यायचा. उंच, लाजरा गडी. तो खाटेपासून दोन हात लांब उभा राहायचा आणि जाताना डॉक्टरांना विचारायचा, "बोलली काय?" त्या नवरात्रात तो आला तेव्हा त्याची आई बरोबर होती. तिनं डॉक्टरांना स्वच्छ सांगितलं, की होळीपर्यंत वाट बघू. होळीनंतर पंचांसमोर काडीमोड होईल, मुलाला दुसरी बायको करू, आणि हिला तुम्ही कुठं ठेवायचं ते ठेवा. मालनचे आईबाप नव्हते. काडीमोड झाली की तिला वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं, हे ठरल्यातच जमा होतं, आणि तिथून परत आलेली बाई मी तरी पाहिली नव्हती. हे सगळं मालनच्या समोर बोलणं झालं. ती भिंतीकडे बघत होती.

आई पुढं गेल्यावर काळुराम दारात घुटमळला. मी रागानंच विचारलं, "तुम्हाला हिचं काय आवडायचं, ते तरी सांगा. मला काही धागाच मिळत नाही."

तो जमिनीकडे बघून म्हणाला, "झेलाची बरा. लगनान कमलाबायचे मागं बसाची. शकूबाय दमली का हीच झेलाची. तवा बगितलेली मी तिला."

पुढच्या रविवारी मी एस.टी.नं त्या गावी गेले. वाटेत दोन्हीकडे मिठागरं, उन्हात पांढरे ढीग, आणि मैलभर माणूस नाही. कमळाबाईचं घर गावाच्या टोकाला होतं, कुडाचं, शेणानं सारवलेलं. घरापासून वीसेक पावलांवर एक जुना उंबर. सगळं गाव लग्नाच्या वेळी फांदी त्याच झाडाची न्यायचं, म्हणून शकूबाय आणि ती तिथं राहायला आल्या होत्या. ओट्यावर दोन पाट मांडलेले होते. एकावर ती बसली होती. मी दुसऱ्यावर बसायला गेले, तर तिनं मला चटई दिली.

मी तिला सगळं सांगितलं. मालनसाठी इस्पितळात येऊन धवले म्हणा, म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिच्या बोलीत ड चा र व्हायचा, ळ चा ल, आणि वेडीची येरी. आवाज जाडाभरडा होता.

"मांडव नाय, हलद नाय, नवरी नाय. मंग धवला कनाला?"

"कमळाबाई, नुसती गाणी तर आहेत!" मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तिचा चेहरा बदलला. "गानी तुजे रेडिओवर असतील, बाय. हा काम हाय. ज्या तोंडानं मी येऱ्या बायकांत धवला बोलन, त्या तोंडानं गावाची हलद कशी लावन? मना कोन बोलवल मंग? मना दुसरा काय हाय?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "आन झेलाला कोन हाय तिथं? तू?"

मी उठून आले. परतीच्या वाटेवर तिला मनात अडाणी, हट्टी, स्वार्थी, जे सुचेल ते म्हटलं. तिच्याकडे एकच गोष्ट होती आणि मी ती फुकट मागायला गेले होते, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी इस्पितळाच्या फाटकाशी कमळाबाई उभी. सात-आठ मैल चालत आलेली. नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर फडक्यात बांधलेलं सूप.

"मना तिला दाखव," ती म्हणाली.

मी तिला आधी माझ्या खोलीत नेलं. तिथं तिनं जे सांगितलं ते तिनं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. मालनचं लग्न गावातल्या गावात झालं, पाच वर्षांपूर्वी. त्याच दिवशी शेजारच्या गावात दुसरं लग्न होतं आणि ते पैसेवाल्याचं. दुपारी त्यांची बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीवाला सारखा घाई करत होता. उंबराचा धवला मोठा असतो. त्यात झाड कुणी लावलं, त्याला कुणी पाणी घातलं ते आठवायचं, त्याची माफी मागायची, आणि मग फांदीला हात लावायचा. त्या दिवशी कमळाबाईनं काळुरामाला नुसतं "तोर" म्हणून सांगितलं. धवला झालाच नाही. शकूबाय तिला बोलली होती, पण गाडी उभी होती.

"फांदी मांगितली नाय, बाय. नुसती तोरली. मंग हिची दोनी पोरा गेली."

मी माझं शास्त्र बाहेर काढलं. मुलं जुलाबानं गेली, पाण्यातून जंतू जातात, गावच्या विहिरीचा कठडा पडलेला आहे, फांदीचा काही संबंध नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुजा डागतर खरा बोलतंय," ती म्हणाली. "पन फांदी मांगितली नव्हती, हा बी खरा हाय."

मी उठून तिला मालनच्या खोलीत नेलं.

कमळाबाई दर सोमवारी आणि गुरुवारी यायला लागली. पहिल्या दिवशी तिनं माझे वेत आणि लोकर बघितली आणि विचारलं, "हा कोनाला लागतंय?" मग ती म्हणाली, की कामाला कारण असलं तर हात आपोआप जातो. या बायका जेवतात ना, मग तांदूळ कोण कांडतं? इस्पितळात तांदूळ कांडूनच यायचे. मी डॉक्टरांशी भांडून ते बंद केलं, सालासकट भात आणवला. उखळ आणलं, दोन मुसळं आणली, एक जातं आणलं. डॉक्टर भले होते. एवढंच म्हणाले, "मुसळं कुणाच्या डोक्यात पडू देऊ नका."

कुणाच्या डोक्यात पडली नाहीत. कमळाबाई कांडणाचा धवला म्हणायची. एक ओळ टाकायची आणि थांबायची. त्या थांबण्याची मला भयंकर धास्ती वाटायची. खोलीत तीस बायका, मुसळाचा आवाज, आणि मध्येच ती रिकामी जागा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी आपली ऐकून ऐकून पाठ केलेली ओळ त्या जागेत म्हणून टाकली. माझा गळा बरा आहे, शाळेत बक्षिसं मिळालेली.

कमळाबाईनं मुसळ खाली ठेवलं. "तू गप बस. ती जागा तुजी नाय."

तोंडात मारल्यासारखं झालं. पण त्या दिवशी मी गप्प बसले म्हणून बघायला लागले, आणि तेव्हा दिसलं की ती जागा नुसती रिकामी नसते. कुणी तरी तिथं यावं म्हणून ती धरून ठेवलेली असते. दोन आठवड्यांत एक म्हातारी, जी दिवसभर स्वतःशीच भांडायची, कांडणाची ओळ झेलायला लागली. मग तिच्या शेजारची. त्यांना शब्द येत नव्हते, त्या आपले शब्द घालायच्या. कमळाबाई ते चालवून घ्यायची. एका बाईनं तर नवऱ्याला शिव्या घातल्या त्या जागेत, तालात. सगळी खोली हसली. तिथं हसू मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मालन मात्र भिंतीशीच. कमळाबाई सगळ्यांचं आटोपलं की जातं ओढत तिच्याजवळ न्यायची, तिच्यासमोर बसायची आणि उंबराचा धवला सुरू करायची. फक्त तिच्यासाठी.

"उंबर देवा रं, फांदी मांगाला आलू..."

आणि थांबायची. चांगले चार श्वास. इतर बायकांना तिनं ताकीद दिली होती, ही ओळ कुणी झेलायची नाही. मालन भिंतीकडे बघत राहायची. मग कमळाबाई पुढची ओळ टाकायची. पुन्हा तेवढीच थांबायची. असा तो पाऊण तास चालायचा. बावीस ओळी, बावीस रिकाम्या जागा. शेवटची तेविसावी ओळ दोघींनी मिळून म्हणायची असते, म्हणून ती ओळ ती म्हणायचीच नाही. फडकं झटकायची आणि चालत घरी जायची.

मार्गशीर्ष गेला. पौष आला. मी दिवस मोजत होते, होळीला किती उरले ते. एकदा चिडून म्हटलं, "काही होत नाही हो." ती म्हणाली, "पाच वर्सा हा धवला मी थांबवलेला. तिला दोन मयने थांबू नको देऊ?"

नोंदवहीत मी लिहिलंय, ती तारीख सोळा जानेवारी. मालनचा हात जात्याच्या खुंट्यावर होता. कधी ठेवला कुणी पाहिलं नाही. जातं कमळाबाईच फिरवत होती, मालनचा हात नुसता बरोबर फिरत होता. त्यानंतर मी माझी खुर्ची हलवली आणि मालनचं तोंड दिसेल अशी बसायला लागले. महिनाअखेर त्या जागांमध्ये तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही.

फेब्रुवारीतला पहिला गुरुवार. सकाळी दहाचा सुमार. कमळाबाईनं पहिली ओळ टाकली, थांबली, आणि खरखरीत, गंजलेल्या कडीसारखा एक आवाज आला.

"मांगाला आलू रं, तोरून नाय नेत."

माझ्या हातातली वही पडली. म्हातारी मोठ्यानं रडायला लागली. कमळाबाईनं मान वर केली नाही, मालनकडे पाहिलं नाही, जात्याचा वेगसुद्धा बदलला नाही. तिनं दुसरी ओळ टाकली.

"कोयता झाकला पदराखाली, रागं नको भरू..."

"रागं नको भरू रं, लेकीचा लगीन."

बावीसच्या बावीस मालननं झेलल्या. शेवटच्या ओळीपाशी मात्र ती धाय मोकलून रडली, पोरांची नावं घेऊन. ती ओळ राहिली ती राहिलीच. कमळाबाई मोरीत गेली आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिली. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी होते. तिनं तो घेतला नाही.

होळीच्या आठ दिवस आधी काळुराम मालनला घेऊन गेला. मालन डॉक्टरांशी बोलली, माझ्याशी बोलली, नवऱ्याला म्हणाली, "किती वालला रं तू." वाळायला काय, रडत होता बिचारा. मी त्या आठवड्यात हवेत होते. मला वाटलं गोष्ट संपली.

गोष्ट कमळाबाईची संपली होती. त्या फाल्गुनात गावात चार लग्नं झाली. एकाही घरानं तिला बोलावलं नाही. ती दर आठवड्याला कुठं जाते हे लपून थोडंच राहणार होतं? वेड्या बायकांत बसून धवले म्हणणारी बाई आपल्या नवरीला हळद कशी लावेल, असं सगळं गाव म्हणालं, आणि पलीकडच्या गावची एक धवलारीण आणली. कमळाबाईनं मला हे असंच होईल म्हणून सांगितलं होतं, अगदी पहिल्या दिवशी, चटईवर बसवून. तेव्हा मी तिला स्वार्थी म्हटलं होतं.

आणि मालन? मालनला सासूनं एका अटीवर घरात घेतलं. इस्पितळाचं नाव काढायचं नाही आणि कमळाबाईच्या ओट्याकडे फिरकायचं नाही. विहिरीची वाट त्या ओट्यावरूनच जायची. मालन डोक्यावर हंडा घेऊन, मान खाली घालून समोरून निघून जायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी कमळाबाईकडे बसले होते, मालन तीन हातांवरून गेली, आणि मी तिला हाक मारायला उठले.

कमळाबाईनं माझं मनगट धरलं. "जाऊ दे तिला."

"अहो, पण तुमच्यामुळे..."

"त्याचसाठी. मी डोल्यासमोर हाय तवर तिचा येरेपन हाय. मना विसरली का गाव बी विसरल."

मी मनगट सोडवून घेतलं. ती शांतपणे लसूण सोलत होती. पण शांत होती म्हणून तिला लागलं नव्हतं, असं कुणी समजू नये. त्यानंतरची दोन वर्षं मी तिला जवळून पाहिलं. इस्पितळात ती येत राहिली, सोमवारी आणि गुरुवारी, आणि तिथं झेलणाऱ्या बायका भरपूर होत्या. पण घरी? एकदा मी न सांगता गेले. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि हळदीचा धवला म्हणत होती. एक ओळ म्हणायची. मग थांबायची, सवयीनं, चार श्वास. भाकरी उलटायची. मग पुढची ओळ. मी दाराबाहेर उभी राहिले आणि आत न जाताच परत फिरले. एवढं एकटं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि आत जाऊन काय बोलायचं ते मला येत नव्हतं.

१९५८चा वैशाख. एका गुरुवारी कमळाबाई आली नाही. सोमवारीही नाही. मी मंगळवारी दुपारी औषधं घेऊन गेले. ती ओट्यावर गोधडी पांघरून बसली होती, अंगात ताप. गोळ्या दिल्या, पेज करून पाजली. उंबराखाली कुणीतरी झाडून रांगोळी काढलेली होती.

"आज फांदी नेतान," ती म्हणाली. "कालुरामचे भयनीचा लगीन."

थोड्या वेळानं वाजंत्री ऐकू आली. बायका आल्या, पुढं नवी धवलारीण, मागं काळुराम कोयता घेऊन, त्याची आई, आणि बायकांच्या घोळक्यात मालन. तिच्या कडेवर वर्षाचं मूल. आमच्याकडे कुणी पाहिलं नाही. वीस पावलांवर सबंध गाव उभं होतं आणि ओट्यावर आम्ही दोघी, जणू ते घर तिथं नव्हतंच.

धवलारणीनं झाडाला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. मग काळुरामाकडे बघून म्हणाली, "चल, तोर."

माझ्या शेजारी कमळाबाईनं श्वास आत ओढला. नव्या बाईला उंबराचा धवला येत नव्हता. ती पाठ करून आली होती हळदीचे आणि मांडवाचे. काळुरामानं कोयता उचलला.

"थांब," मालन म्हणाली.

तिनं मूल सासूच्या हातात दिलं. पुढं झाली. झाडाला हात लावून उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

"उंबर देवा रं, फांदी मांगाला आलू..."

आणि थांबली.

वाजंत्री बंद पडली होती. नवी धवलारीण जमिनीकडे बघायला लागली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूचं तोंड उघडं. मला कळत होतं मालन काय पणाला लावून उभी आहे. ज्या गाण्यानं ती वेडी होती हे गावाला आठवेल, तेच गाणं तिनं भर गावात काढलं होतं. आणि ती थांबली होती, चार श्वास, कुणीतरी यावं म्हणून. एक. दोन. तीन.

"मांगाला आलू रं, तोरून नाय नेत."

कमळाबाई गोधडी पांघरलेलीच होती. उठली नाही. आवाज तापानं चिरका झाला होता, पण तो वीस पावलं गेला. गाव वळून आमच्याकडे बघायला लागलं. एकटी मालन वळली नाही. तिनं दुसरी ओळ टाकली. ओट्यावरून ती झेलली गेली. तिनं तिसरी टाकली. बावीस ओळी. उन्हात सगळी उभी, कुणाची हलायची छाती झाली नाही. आणि मग ती तेविसावी ओळ, जी दोघींनी मिळून म्हणायची असते, जी मी कधी ऐकलीच नव्हती. ती दोघींनी मिळून म्हटली. एकीचं तोंड झाडाकडे, एकीचं गोधडीत.

"दिली दिली रं फांदी, लेकराला सावली दे."

काळुरामानं फांदी तोडली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. मालननं मूल परत घेतलं. सगळी आली तशी गेली. मला वाटत होतं आता कुणीतरी मागं फिरेल, म्हणेल, कमलाबाय, चल मांडवात. मी वाटेकडे बघत बसले. कमळाबाई बघत नव्हती.

"निदान मालननं तरी एकदा वळून बघायचं," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कसलं कोण जाणे.

"वलून बगितला असता तं माजा झेल चुकला असता," कमळाबाई म्हणाली.

मग ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि सुपात तांदूळ घेतले. एक मूठ. क्षणभर थांबली आणि दुसरी मूठ घेतली. माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवून जा, बाय. आज माजे घरी बी लगीन हाय."

साडेपाचची एस.टी. गाठायची होती. ती चुकली तर शेवटची सातला, आणि घरी आई वाट बघत बसते. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "पुढच्या खेपेला, कमळाबाई. गाडी उभी राहील." तिनं दुसरी मूठ परत मडक्यात टाकली.

आषाढात ती गेली. मला तेराव्यानंतर कळलं.

मांडवातलं बोलावणं तिला शेवटपर्यंत आलं नाही, आणि त्याबद्दल मी त्या गावाला पुष्कळ बोल लावले आहेत. पण गाव राहू दे. त्या दिवशी मी ती गाडी चुकवायला हवी होती.